तिसऱ्याला दिलेलं मत वाया जातं का?

प्रचाराचे शेवटचे दोन दिवस उरले की गावच्या पारापासून सोसायटीच्या गेटपर्यंत एकच सल्ला ऐकू येतो: ‘तो काही निवडून येत नाही, मत वाया घालवू नका.’ सल्ला देणारा बहुतेक वेळा पहिल्या दोन पक्षांपैकी एकाचा कार्यकर्ता असतो. त्याचं म्हणणं काही ठिकाणी अगदी खरं असतं, काही ठिकाणी साफ चुकीचं. कुठे काय, हे त्या मतदारसंघाचे आकडे सांगतात आणि ते आकडे पाहण्याचे कष्ट फारसं कोणी घेत नाही.

गैरसमज: जिंकायला निम्म्याहून जास्त मतं लागतात

लोकसभेला आणि विधानसभेला तशी अट नाही. ज्याला सगळ्यांत जास्त मतं, तो विजयी. 2019 मध्ये औरंगाबादेतून इम्तियाज जलील खासदार झाले, तेव्हा त्यांना झालेल्या मतांच्या तृतीयांशाहूनही कमी मतं होती. चंद्रकांत खैरे 4,492 मतांनी हरले आणि अपक्ष हर्षवर्धन जाधवांनी पावणेतीन लाखांच्या वर मतं घेतली. मतविभागणीची भीती इथूनच येते आणि ती खोटी नाही.

गैरसमज: तिसरा नसता तर त्याची सगळी मतं आपल्यालाच पडली असती

हरलेल्या उमेदवाराच्या कार्यालयात हा हिशेब हमखास मांडला जातो. त्याच 2019 च्या निवडणुकीतली दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहू. नांदेडला अशोक चव्हाण 40,148 मतांनी पडले आणि वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला 1,66,196 मतं मिळाली. सोलापूरला सुशीलकुमार शिंदे 1,58,608 मतांनी पडले आणि तिथे वंचितचे नेते प्रकाश आंबेडकर स्वतः 1,70,007 मतांवर होते. दोन्हीकडे आरोप एकच झाला: वंचितनं काँग्रेसची मतं खाल्ली.

आता वंचितचा उमेदवार रिंगणात नाही असं समजू. त्याच्या मतदारांपैकी काही काँग्रेसकडे गेले आणि बाकीचे घरीच बसले, तर नांदेडमध्ये शेकडा 24 मतदारांनी निकाल फिरला असता. सोलापुरात मात्र शेकडा 93 हून अधिक लागले असते. सगळेच मतदानाला आले आणि काहींनी विजयी भाजपला मत दिलं असं धरलं, तर नांदेडला शेकडा 62 आणि सोलापुरात जवळपास 97 काँग्रेसकडे वळायला हवे होते. नांदेडपुरता आरोप निदान विचार करण्याजोगा आहे. पण दीड लाखाच्या वर माणसांपैकी शंभरात 97 जण एकाच दिशेला जातील असं गृहीत धरायला माझं मन तयार होत नाही. शिवाय त्यातले कितीतरी मतदार त्या पक्षासाठीच मतदान केंद्रावर आलेले असतात. त्यांना कोणाच्या तरी हक्काची मतं समजणं मला अन्यायाचं वाटतं. वेळेत युती न करणाऱ्या पक्षांना स्वतःचं अपयश मतदाराच्या माथी मारायला हा हिशेब फार सोयीचा पडतो.

गैरसमज: तिसरा कोण, हे जागावाटपात ठरतं

2024 ला सांगलीत महाविकास आघाडीचे अधिकृत उमेदवार होते शिवसेना ठाकरे गटाचे चंद्रहार पाटील. काँग्रेसच्या विशाल पाटलांनी बंडखोरी केली, पाकीट चिन्हावर अपक्ष उभे राहिले आणि एक लाखाच्या फरकानं निवडून आले. अधिकृत उमेदवाराला 60,860 मतं पडली, अनामत जप्त झाली. भाजपविरोधी मतदारानं इथे अगदी व्यवहारी मतदान केलं. फक्त लढत खरी कोणामध्ये आहे, हे त्यानं पक्षाला न विचारता स्वतः ओळखलं. 2009 मध्ये दक्षिण मुंबईतही मनसेनं शिवसेनेची मतं फोडली अशी ओरड झाली. प्रत्यक्षात मिलिंद देवरांच्या मागे दुसरे आले ते मनसेचे बाळा नांदगावकर, शिवसेनेचे मोहन रावले तिसरे होते. मग कोणी कोणाची मतं फोडली?

गैरसमज: हरणाऱ्याच्या मताची नोंद कुठेच होत नाही

होते. वैध मतांच्या सहाव्या हिश्श्याहून अधिक मतं मिळाली तर अनामत परत मिळते. लोकसभेला ती 25 हजार, विधानसभेला 10 हजार असते आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी. लहान पक्षाच्या उमेदवाराला ही रक्कम जड जाते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे राज्यात 8 टक्के वैध मतं मिळाली की जागा कितीही असोत, पक्षाला राज्यपक्षाची मान्यता आणि राखीव चिन्ह मिळतं. गोव्यात 2022 ला रेव्होल्युशनरी गोवन्स पक्षाचा एकच आमदार निवडून आला, पण मतं 9 टक्क्यांच्या वर होती. 2023 मध्ये त्याला मान्यता मिळाली. ती मिळवण्यात हरलेल्या जागांवरची मतंही मोजली गेली.

गैरसमज: कोणीच पसंत नसेल तर ‘नोटा’नं निकाल अडतो

2013 पासून यंत्रावर शेवटचं बटण ‘वरीलपैकी कोणीही नाही’चं आहे. 2019 ला लातूर ग्रामीणमध्ये त्याला 27,500 मतं पडून ते दुसऱ्या क्रमांकावर आलं. ते पहिलं आलं असतं तरी सर्वाधिक मतांचा उमेदवारच आमदार झाला असता. अनामतीच्या हिशेबातही नोटा धरत नाहीत. महापालिका-नगरपालिकांसाठी मात्र राज्य निवडणूक आयोगानं 2018 मध्ये वेगळा आदेश काढला: नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक. लोकसभेला हा दिलासा नाही. 2024 ला वायव्य मुंबईत निकाल 48 मतांनी लागला आणि नोटाची मतं पंधरा हजारांच्या घरात होती. अशा अटीतटीच्या लढतीत नोटापेक्षा पहिल्या दोघांतला कमी नावडता निवडणं मला अधिक जबाबदारीचं वाटतं.

मत वाया जाण्याचा हा पेच सुटू शकतो आणि पदवीधर-शिक्षक मतदारसंघांत तो सुटलेलाही आहे. विधान परिषदेच्या या निवडणुकीत आयोगानं दिलेल्या जांभळ्या पेननं उमेदवारांपुढे 1, 2, 3 असा पसंतीक्रम लिहायचा असतो. तुमच्या पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद झाला की मत दुसऱ्या पसंतीकडे सरकतं. तिथे आवडत्या लहान उमेदवाराला मत देऊन नावडत्याला मदत होईल ही धास्ती उरत नाही.

बाकी ठिकाणी हिशेब स्वतःच करावा लागतो. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर ‘फॉर्म 20’ या नावानं प्रत्येक केंद्रावरची उमेदवारनिहाय मतं मिळतात. मागच्या वेळी पहिल्या दोघांत लाखाचा फरक असेल आणि चित्र बदललं नसेल, तर तिसऱ्याला निर्धास्त मत द्या, त्याची टक्केवारी वाढेल. फरक हजार-दोन हजारांचा असेल आणि त्या दोघांपैकी एक तुम्हाला अजिबात नको असेल, तर मात्र ‘मत वाया घालवू नका’ म्हणणाऱ्याचं ऐका.