दोष अवजाराचा की कामाचा? कार्पेट बसवणाऱ्यांच्या गुडघ्यांची गोष्ट

‘चांगलं अवजार कोणतं?’ हा प्रश्न दुकानातला वाटतो. पण कार्पेट बसवणाऱ्यांच्या बाबतीत अमेरिकेत 1980च्या दशकात त्यावर चक्क संशोधन झालं. संशोधनाकडे वळणार असाल तर ते जरूर समजून घ्या.

आधी काम काय असतं ते बघू. तिकडे घरांत भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट घालतात. कडेने बारीक खिळ्यांची टोकं वर आलेल्या लाकडी पट्ट्या ठोकायच्या आणि कार्पेट ताणून त्यांत अडकवायचं. ताण कमी पडला की पुढे सुरकुत्या येतात. ताणायला दोन अवजारं आहेत. नी-किकरला पुढे दात, मागे गादी. दात रोवायचे आणि गादीवर गुडघ्याच्या जरा वर, मांडीने धक्का मारायचा. पॉवर स्ट्रेचरचा लांब दांडा समोरच्या भिंतीला टेकवून लिव्हर दाबायचा. म्हणजे एकात जोर गुडघा लावतो, दुसऱ्यात लिव्हर. पण किकर हलका, स्वस्त आणि झटपट, त्यामुळे हात आधी त्याच्याकडेच जातो.

कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या ‘नायॉश’ या अमेरिकी सरकारी संस्थेने 1990मध्ये धोक्याचा इशारा दिला. देशातल्या कामगारांत कार्पेटवाले 1 टक्क्याहून कमी, पण गुडघ्याच्या आघाताबद्दल केलेल्या भरपाईच्या दाव्यांत त्यांचा वाटा 6.2 टक्के! किकरचा एक धक्का मोजला तर बळ सुमारे 3000 न्यूटन, म्हणजे माणसाच्या वजनाच्या साधारण चौपट.

आता शंका काढा बरं. ही माणसं तशीही दिवसभर गुडघ्यांवरच असतात. मग दोष किकरचा कशावरून?

1987च्या एका अभ्यासात कार्पेटवाल्यांची तुलना टाइल बसवणाऱ्यांशी आणि गवंडी वगैरे कामगारांशी केली होती. टाइलवाले गुडघे भरपूर टेकतात, पण किकर मारत नाहीत. त्यामुळे दोन कारणं वेगळी करता आली. बर्सायटिसचा, म्हणजे सांध्याजवळच्या पिशवीला सूज येण्याचा, संबंध किकरशी दिसला; गुडघ्यातून पाणी काढावं लागणं आणि त्वचेचा संसर्ग यांचा गुडघे टेकण्याशी. मला तर 3000 न्यूटनपेक्षा ही तुलनाच जास्त आवडते. टाइलवाले नसते, तर दोन्ही कारणं एकमेकांत मिसळलेलीच राहिली असती.

म्हणून खोलीभर ताण द्यायला स्ट्रेचर, आणि किकर फक्त कोपऱ्यांत, जिन्यांवर, जिथे दांडा मावत नाही तिथे. गुडघ्यांना पॅड बांधावेतच, पण ते टेकण्याचा त्रास कमी करतात, धक्का मारायची गरज नाही. विकत घेताना दातांची लांबी कमी-जास्त करता येते का, ते बघा. दात कार्पेटच्या पाठीत धरले पाहिजेत, खालच्या फोममध्ये रुतता कामा नयेत. स्ट्रेचरच्या दांड्याचे तुकडे जोडून लिव्हर दुकानातच एकदा दाबून पाहा. सांधा डुगडुगला किंवा खटका सुटला तर तो घेऊ नका.