सीपीयू कुठंय?

दुकानातला मुलगा खोक्यातून एक भलामोठा पडदा काढतो, टेबलावर उभा करतो, मागे एकच वायर खोचतो आणि बटण दाबतो. पडदा उजळतो. सोबत आलेली आई वाकून टेबलाखाली बघते आणि विचारते, "आणि सीपीयू कुठंय?"

अगदी रास्त प्रश्न! इतकी वर्षं आपण ज्याला सीपीयू म्हणत आलो, ती टेबलाखालची पत्र्याची उभी पेटी. पायांवर गरम हवा सोडणारी, झाकण उघडलं की आत धुळीचे बोळे निघणारी. खरा सीपीयू म्हणजे त्या पेटीच्या पोटातली नखाएवढी चिप. पेटी हे तिचं नुसतं घर होतं. आता ते घरच नाहीसं झालंय. ऑल-इन-वन म्हणतात त्या कॉम्प्युटरमध्ये सगळा संसार पडद्यामागच्या बोटभर जागेत मावलेला असतो.

तो तिथे कसा मावला, हे पुढे बघूच. पण घरासाठी असा कॉम्प्युटर घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो "रॅम किती? प्रोसेसर कुठला?" असा. माझं म्हणणं, आधी पडदा बघा. रॅम आणि प्रोसेसर आपल्याला दिसत नाहीत. डोळे रोज तासन्‌तास टेकणार आहेत ते समोरच्या काचेवर. आणि ही काच म्हणजे बहुधा तुमच्या घरातली सगळ्यात अद्भुत वस्तू आहे.

मापापासूनच सुरुवात करू. १५.६ इंची लॅपटॉपशेजारी २७ इंची पडदा ठेवा. आकडा दुपटीनेसुद्धा वाढलेला नाही. मग बघायला जागा किती वाढली? जवळजवळ तंतोतंत तिप्पट! कारण हे इंच एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपे मोजलेले असतात, आणि पडदा वाढतो तो लांबीनेही आणि उंचीनेही. २४ इंचावरून २७ वर गेलात तरी फक्त तीन इंचांत सव्वापटीहून जास्त जागा पदरात पडते. सुमारे साठ सेंटिमीटर रुंद आणि साडेतेहतीस सेंटिमीटर उंच अशी ही खिडकी.

आता त्या खिडकीच्या आत शिरू. तिची गोष्ट गाजरापासून सुरू होते.

१८८८ साल. प्रागमध्ये फ्रीडरिश रायनित्झर नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून मिळवलेल्या कोलेस्टेरॉलचं एक संयुग तापवून बघत होते. १४५.५ अंश सेल्सिअसला ते वितळलं, पण वितळून झालं गढूळ. तापवत राहिले, तर १७८.५ अंशांना ते एकदम नितळ झालं. एका पदार्थाचे दोन वितळबिंदू? बर्फ एकदाच वितळतो, मेण एकदाच वितळतं. गोंधळलेल्या रायनित्झरांनी ओटो लेमान या पदार्थवैज्ञानिकाला पत्र लिहून नमुने पाठवले. लेमान यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तो गढूळ पदार्थ द्रवासारखा वाहत होता आणि प्रकाशाशी मात्र स्फटिकासारखा वागत होता. द्रव आणि स्फटिक, दोन्ही एकाच वेळी!

हे शक्य कसं होतं? आषाढातली वारी डोळ्यांसमोर आणा. लाखो माणसं सतत चालतायत, कुणी पुढे सरकतं, कुणी मागे पडतं, कुणाची जागा ठरलेली नाही. म्हणजे हा प्रवाहच. पण तोंड मात्र प्रत्येकाचं पंढरीकडे. द्रवस्फटिकातले काडीसारखे लांबट रेणू नेमके असे असतात. जागा सुटलेली, दिशा न सुटलेली. एलसीडी या तीन अक्षरांतली पहिली दोन म्हणजे लिक्विड क्रिस्टल, हेच ते.

पुढची ऐंशी वर्षं हा पदार्थ प्रयोगशाळेतलं कुतूहल म्हणून पडून राहिला. १९६८ मध्ये अमेरिकेत आरसीए कंपनीत जॉर्ज हाइलमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा पहिला पडदा जगाला दाखवला. अडचण अशी, की नेहमीच्या खोलीत हे पदार्थ नीट टिकत नव्हते. १९७३ मध्ये इंग्लंडातल्या हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांच्या चमूने साध्या खोलीच्या तापमानात सुखाने राहणारे, टिकाऊ द्रवस्फटिक बनवले, आणि मग घड्याळं, कॅल्क्युलेटर, शेवटी पडदे अशी रांग लागली.

पण वारीने चित्र कसं काढायचं? इथे खरी गंमत आहे. पडद्याच्या मागे पांढरा उजेड सतत जळत असतो. तुम्ही काळी रात्र बघत असा की पांढरंशुभ्र पान, बहुतेक पडद्यांत मागचा दिवा तेवढाच. त्या दिव्यापुढे पोलरायझर नावाची एक पातळ फिल्म असते. जिन्याच्या कठड्याच्या उभ्या गजांतून दोरी ओवा आणि तिला लाटा द्या. वरखाली हलणाऱ्या लाटा पलीकडे जातील, आडव्या लाटा गजांवर अडतील. फिल्म प्रकाशाच्या लाटांचं हेच करते. तिच्यापुढे काही अंतरावर दुसरी फिल्म, पण तिचे गज आडवे. उभ्यातून सुटलेला प्रकाश आडव्यात अडकणार, सगळा अंधार! आता या दोन फिल्मांच्या मधल्या फटीत द्रवस्फटिक भरा. ही फट काही मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. विजेचा हलका इशारा मिळाला की तिथले रेणू वळतात आणि त्यांच्यातून जाणारा प्रकाशही कूस बदलतो. कूस बदललेला प्रकाश आडव्या गजांतून सुटतो आणि तुमच्या डोळ्यांत येतो. कमी वळवला तर अंधुक, पूर्ण वळवला तर लख्ख.

विश्वास बसत नसेल तर दुकानात जाताना पोलराइज्ड गॉगल न्या. पडद्यासमोर धरून सावकाश गोल फिरवा. बहुतेक पडदे एका कोनात काळे पडतील! पडदा चालूच असतो, फक्त तिसरे गज आडवे आलेले असतात.

ही फट किती कप्प्यांत वाटलेली असते? २७ इंची क्यूएचडी पडद्यावर २५६० गुणिले १४४० ठिपके, म्हणजे ३६ लाख ८६ हजार ४००. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन कप्पे. झाले एक कोटी दहा लाखांवर कप्पे, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात काचेवरच घडवलेला स्वतःचा ट्रान्झिस्टर. एकेका कप्प्याला किती वळायचं हा निरोप सेकंदाला साठ वेळा जातो. म्हणजे एका सेकंदात ६६ कोटींहून अधिक निरोप, आणि हे सगळं तुम्ही नुसतं एक पान उघडून चहा पीत बसलेले असताना.

आणखी एक नवल सांगू? या पडद्यावर पिवळा रंगच नाही. हळद, झेंडू, सोनं, जे जे पिवळं दिसतं ते लाल आणि हिरव्या कप्प्यांतून एकाच वेळी आलेला उजेड असतो, आणि पिवळा तयार होतो तो आपल्या नजरेत. पाण्याचा अगदी बारीक थेंब पिवळ्या भागावर टेकवा. थेंबाचं भिंग होतं आणि आतले लाल-हिरवे कप्पे समोर येतात.

मागचा पांढरा दिवासुद्धा असाच बहुरूपी. तो असतो निळा एलईडी, वर पिवळट लेप देऊन पांढरा केलेला. लाल आणि हिरवा एलईडी कधीच आले होते, निळ्याने मात्र शास्त्रज्ञांना दशकानुदशकं झुलवलं. तो जमवणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. पडदे बोटाएवढे पातळ झाले त्यात या इवल्या दिव्याचा मोठा वाटा आहे.

या कथेत एक पान आपल्या नागपूरचंही आहे. जुन्या एलसीडीवर बाजूने पाहिलं की रंग उलटेपालटे दिसायचे, आठवतं? त्यावरचा एक उपाय होता पडद्यावर चिकटवायची खास फिल्म, काडीसारख्या नव्हे तर चकतीसारख्या रेणूंची. चकतीच्या आकाराचे रेणूही द्रवस्फटिक होऊ शकतात हे जगाला दाखवलं शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९७७ मध्ये, बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत. हे सर सी. व्ही. रामन यांचे भाचे, आणि त्यांची एम.एस्सी. नागपूर विद्यापीठाची! आज दुकानात आयपीएस हा शब्द ऐकाल. त्या पडद्यांत रेणू उठून उभे न राहता सपाटीतच वळतात, म्हणून सोफ्याच्या टोकाला बसलेल्या आजीलाही तेच रंग दिसतात. घरात चौघांनी मिळून बघायचं असेल तर आयपीएसच घ्या.

आता पैसे मोजताना सगळ्यात जास्त उपयोगी पडेल अशा गोष्टीकडे येतो. ठिपका किती मोठा चालेल?

निरोगी डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाएवढं बारीक अंतर ओळखतो. हात लांब करून बोटं टेकतील इतक्या, म्हणजे साधारण ६० सेंटिमीटर अंतरावर हे होतं ०.१७ मिलिमीटर. २७ इंची पडदा फुल एचडी असेल तर त्याचा एक ठिपका ०.३१ मिलिमीटरचा. डोळ्याला तो चक्क दिसतो! क्यूएचडीत तो ०.२३ वर येतो. फोर-केमध्ये ०.१६, आणि इथे चमत्कार होतो. ठिपका नजरेच्या पकडीतून निसटतो आणि पडद्याचा कागद होतो.

इंग्रजी वाचणाऱ्याचं एक वेळ फुल एचडीवर भागेल, मराठी वाचणाऱ्याचं भागत नाही. आपल्या अक्षराचा पसारा बघा. शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. खाली उकार आणि ऋकार. मध्ये अक्षरांवर अक्षरं रचलेली. ब्राउझर मुळात अक्षराला सोळा ठिपक्यांचं माप देतो. त्यात ‘राष्ट्र’मधला ‘ष्ट्र’ बसवायचा म्हणजे ष अर्धा, ट पुरा, खाली र चे दोन तिरके पाय, आणि त्यातली प्रत्येक फट ठिपक्याभराची. दोन रेषा एका ठिपक्यात आल्या की त्यांचा डाग होतो. फोर-केवर तेवढ्याच मापाच्या अक्षराला उंचीत दुप्पट आणि रुंदीत दुप्पट, म्हणजे एकूण चौपट ठिपके मिळतात. अक्षरं बारीक होतील अशी भीती अनेकांना वाटते, ती मनातून काढा. सेटिंगमध्ये माप वाढवलं की अक्षर तेवढंच राहतं, फक्त कोरीव होतं.

आणि आईचा प्रश्न? कॉम्प्युटर गेला कुठे?

१९९८ चा पहिला आयमॅक पडदा आणि कॉम्प्युटर एकाच कवचात घेऊन आला, पण काचेच्या अवजड नळीमुळे त्याचं वजन सतरा किलोंच्या वर होतं. २००४ मध्ये तोच कॉम्प्युटर सपाट पडद्यामागे पाच सेंटिमीटर जाडीत गेला. २०२१ मध्ये जाडी उरली साडेअकरा मिलिमीटर. हेडफोनची पिन चौदा मिलिमीटरची! मागून खोचली तर पुढून बाहेर येईल, म्हणून तिचं भोक बाजूच्या कडेला द्यावं लागलं.

दुकानातल्या बऱ्याच ऑल-इन-वनमध्ये खरं तर लॅपटॉपचंच काळीज असतं. चिप चालते तेव्हा तापते, आणि एवढ्याशा जागेत मोठा पंखा मावत नाही. मग उष्णता बाहेर नेतं कोण? तांब्याची एक चपटी नळी. आतली हवा काढून घेतलेली, त्यात जेमतेम काही थेंब पाणी. हवाच नसल्याने ते पाणी कोमट उष्णतेवरच उकळतं, वाफ थंड टोकाकडे धावते, तिथे पुन्हा पाणी होते, आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून आपोआप परत येते, समईच्या वातीत तेल चढतं तसं. ना पंप, ना वीज.

या बांधणीची किंमतही आहे, ती समजून पैसे द्या. लॅपटॉपसारखी बॅटरी यात सहसा नसते, म्हणून वीज जाते तिथे छोटा यूपीएस हवाच. रॅम नंतर वाढवता येते का, हे लेखी विचारून घ्या. काही मॉडेलांत ती बोर्डालाच जोडलेली असते. आणि मागे एचडीएमआय-इन आहे का, हे जरूर बघा. आतला कॉम्प्युटर काही वर्षांत जुना होईल, पडदा मात्र बहुधा त्याहून जास्त टिकेल. हे भोक असेल तर दुसरा कॉम्प्युटर जोडून तोच पडदा पुढे वापरता येतो. नसेल तर चांगली काच निव्वळ वाया जाते.

माझा कौल सांगतो. २७ इंच घ्यायचा तर फुल एचडी घेऊ नका. क्यूएचडी ही किमान पायरी, आणि घरात मराठी वाचन भरपूर असेल तर प्रोसेसर एक पायरी खालचा चालेल, पडदा फोर-के घ्या. बजेट फुल एचडीचंच असेल तर २४ इंचावर थांबा. तेवढेच ठिपके कमी जागेत दाटीने बसतात.

दुकानात गेलात की झगमगता डेमो व्हिडिओ बंद करायला सांगा. एखादं मराठी वर्तमानपत्र उघडा, खुर्ची ओढून हातभर अंतरावर बसा आणि ‘महाराष्ट्र’मधला ‘ष्ट्र’ शोधा. त्याचे सगळे पाय वेगवेगळे दिसले, तर तो पडदा घरी आणा.