विश्लेषण : दही लागत नाही… चूक विरजणाची की दुधाची?

रात्री कोमट दुधात विरजण घातले, झाकण ठेवले आणि सकाळी पाहिले तर भांड्यात पातळ दूधच. अशा वेळी घरात पहिला संशय विरजणावर जातो, दुसरा थंडीवर. बहुतेकदा तो खराही असतो. पण विरजण ताजे आहे, दूध नीट कोमट होते आणि तरीही दही वारंवार फसत असेल, तर तिसरी शक्यता उरते : दुधात उतरलेले अँटिबायोटिक.

दही लागते म्हणजे काय होते?

विरजणातले जिवाणू दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, वापरून लॅक्टिक आम्ल तयार करतात. दुधाचा सामू साधारण ६.७ असतो. तो ४.६ च्या दिशेने उतरू लागला की केसिन हे प्रथिन एकमेकांत गुंतते आणि दूध घट्ट होते. घरच्या विरजणात कोणते जिवाणू किती, हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून तर दोन घरांतले दही सारखे नसते. डेअऱ्या मात्र निवडक जिवाणूंची गोठवून वाळवलेली भुकटी वापरतात. त्यातला नेहमीचा जिवाणू स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस. तो पेनिसिलिनसमोर फार नाजूक आहे. दुधातला औषधाचा अत्यल्प अंशही त्याला रोखायला पुरतो.

औषध दुधात येते कुठून?

गोठ्यातून. गाय-म्हशीला कासदाह झाला, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेत ‘दगडी’ झाली, की अँटिबायोटिकचे इंजेक्शन दिले जाते किंवा औषधाची नळी थेट सडात सोडली जाते. त्यानंतर किती दिवस दूध विकायचे नाही, हे औषधाच्या वेष्टनावर छापलेले असते. ते पाळणे मात्र सोपे नाही. चारा, पेंड आणि डॉक्टरचा खर्च सुरूच असतो आणि दुधाचे पैसे बंद होतात. मग ते दूध इतर दुधात मिसळून केंद्रावर जाते. तिथे भाव ठरतो फॅट आणि एसएनएफवर. औषधाचा अंश त्या आकड्यांत दिसत नाही.

उकळल्यावर जात नाही का?

उकळल्याने बहुतेक जिवाणू मरतात. अँटिबायोटिकचा बराचसा अंश मात्र टिकून राहतो. शिवाय दही न लागणे ही फक्त नासाडी नाही. आम्ल तयार झाले नाही की दुधाचे संरक्षणच जाते आणि औषधाला न जुमानणारे, अस्वच्छ हात-भांड्यांतून आलेले जिवाणू वाढू शकतात. वास किंवा बुडबुडे आलेले असे दूध पुन्हा उकळून वापरू नये.

एफएसएसएआयच्या २०१८ मधील देशव्यापी पाहणीत ६,४३२ नमुने तपासले गेले. त्यांपैकी ७७ नमुन्यांत अँटिबायोटिकचा अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळला. टक्केवारी छोटी वाटते, पण डेअरीच्या टाकीत अनेक गोठ्यांचे दूध एकत्र होते.

तपासणी कशी होते?

गंमत म्हणजे, इथेही जिवाणूच कामाला येतो. एका प्रचलित चाचणीत छोट्या नळीत जिवाणूचे बीजाणू आणि रंगद्रव्य असते. त्यात दुधाचे थेंब टाकून नळी सुमारे ६४ अंशांवर काही तास ठेवतात. जिवाणू वाढून आम्ल झाले तर जांभळा रंग पिवळा होतो. जांभळाच राहिला तर दुधात काहीतरी त्याला अडवते आहे. घरी अशी खात्री करता येत नाही. पण एकच विरजण दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या दुधात लावून पाहिले, तर निदान विरजणावरचा आळ खरा की खोटा हे कळते.

औषधाची वेळच कमी यावी, यासाठी गोठ्यातली काळजी स्वस्त पडते. कास धुऊन कोरडी पुसणे, पहिल्या दोन-चार धारा वेगळ्या भांड्यात काढून गुठळ्या दिसतात का पाहणे, शेवटी सड जंतुनाशकात बुडवणे. धार काढल्यावर सडाचे तोंड साधारण अर्धा तास उघडे राहते. तेवढ्यात जनावर शेणात बसू नये, म्हणून जाणते शेतकरी वैरण त्याच वेळी टाकतात.