अकरा महिन्यांचं घर

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही चौघींनी कर्वेनगरचा टू बीएचके सोडला. सामान टेम्पोत चढलं होतं, झाडूसुद्धा पॅक झाला होता, आणि घरमालक काकू हातात वही घेऊन एकेक खोली फिरत होत्या. ‘‘हॉलमध्ये अकरा खिळे. किचनच्या टाइल्सवर तेल. ही बुरशी बघ गं, कपाटामागे केवढी पसरलीय. आणि सिंकखालचं प्लाय फुगलंय.’’ चाळीस हजार डिपॉझिट दिलं होतं, हातात एकतीस हजार पडले. माझ्या वाट्याला सव्वादोन हजारांचा फटका. म्हणजे मेसचे जवळजवळ वीस दिवस!

टेम्पोमागे रिक्षातून जाताना आम्ही काकूंना यथेच्छ नावं ठेवली. रात्री डोकं थंड झाल्यावर मात्र हिशोब लागला. अकरा खिळ्यांतले आठ आमचे होते. तेल आमचंच. बुरशीही खरं तर आमचीच, ते पुढे सांगते. सिंकखालचा पाइप मात्र आम्ही राहायला आलो त्या दिवसापासून गळत होता. पण तो आधीपासून गळत होता हे दाखवायला आमच्याकडे काय होतं? काहीच नाही.

तुम्ही गावाहून शिकायला आला असाल आणि पाच जणांत फ्लॅट घेऊन राहत असाल, तर हा लेख तुमच्यासाठीच आहे. घर भाड्याचं आहे, आपलं थोडंच आहे, असं आपण म्हणतो. पण तिथली हवा आपल्याच छातीत जाते आणि डिपॉझिट आपल्याच आई-बाबांचं असतं.

पहिला दिवस, पहिला व्हिडिओ

चावी मिळाल्यावर सामान आत नेण्याआधी अख्ख्या घराचा व्हिडिओ काढा. रील नको, पुरावा हवाय. प्रत्येक भिंत, प्रत्येक नळ सुरू करून, सिंकखालचं कपाट उघडून, फ्लशचं बटण दाबून, खिडकीच्या काचा, आधीचे खिळे. त्याच दिवशी तो घरमालकांना व्हॉट्सअॅप करा आणि खाली साधं लिहा, ‘काका, राहायला आलो तेव्हा हे असं होतं, माहितीसाठी पाठवतोय.’ भांडण नको, नोंद हवी. तारीख आपोआप पडते.

दुसरं म्हणजे अॅग्रीमेंट वाचा. आपण सगळे शेवटच्या पानावर सही करतो आणि पहिलं पान कधी बघतच नाही. आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो, आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची असते. ‘अकरा महिन्यांचाच आहे, कशाला रजिस्टर करायचा’ असं एजंट म्हणाला तर हे त्याला सांगा. सोडताना रंगाचे पैसे कापणार का, किती, छोटी दुरुस्ती कोणाकडे, मोठी कोणाकडे, हे आधीच विचारा. सही झाल्यावर विचारून काही उपयोग नसतो.

बुरशी कुठून येते?

आता आमच्या बुरशीची गोष्ट. जुलैत कपडे वाळत नाहीत, हे पुण्यात राहणाऱ्याला सांगायची गरज नाही. मग आपण काय करतो? खोलीत दोरी बांधतो, पंखा पाचवर आणि खिडकी बंद, कारण पाऊस आत येतो. चार मुलींच्या जीन्स आणि टॉवेल. त्यातलं सगळं पाणी जाणार कुठे? ते हवेत जातं आणि थंड भिंतीवर बसतं. त्या भिंतीला चिकटून कपाट असलं की मागे हवाच खेळत नाही. ऑगस्टमध्ये ओढणीला कुबट वास यायला लागला तेव्हा आम्ही परफ्यूम मारला. कपाट सरकवून बघायचं डोकं कोणी चालवलं नाही.

पण प्रत्येक ओल अशी आपली नसते. वरच्यांच्या बाथरूममधून पाणी झिरपत असेल किंवा पावसाच्या बाजूची भिंत बाहेरून तडकली असेल, तर ते काम घरमालकाचं किंवा सोसायटीचं. ओळखायचं कसं, त्याची एक सोपी युक्ती आहे. ओलसर जागेवर वहीच्या पानाएवढा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवा. प्लास्टिकच्या आपल्या बाजूला, म्हणजे वरून दव आलं तर दमटपणा खोलीतला आहे. प्लास्टिकच्या मागे, भिंतीकडून पाणी साचलं तर ओल भिंतीतून येतेय. फोटो काढा आणि घरमालकांना पाठवा. ‘तुम्हीच खिडक्या उघडत नाही’ या वाक्याला यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

बुरशी आपली निघाली तर कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. डाग कोरड्या झाडूने झटकू नका, बारीक कण सगळ्या खोलीत उडतात आणि दमा असलेल्या रूममेटचे हाल होतात. तोंडाला मास्क लावा, खिडकी उघडा, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा, मग कोरड्या फडक्याने आणि मग पंखा. फडकं टाकून द्या. कपडे शक्यतो बाल्कनीत, नाहीतर एकाच खोलीत, खिडकी थोडी उघडी ठेवून आणि तिथे कोणी झोपत नसताना. पोपडे येऊन प्लास्टर सुटायला लागलं असेल तर वरून पुट्टी फासून काही होत नाही. आतली ओल थांबल्याशिवाय कुठलाही रंग टिकत नाही.

अॅसिडवाल्याची बाटली

सोडायच्या आदल्या आठवड्यात सगळ्यांना सफाईचा झटका येतो. आम्हालाही आला. गल्लीत ‘अॅसिऽऽड, फिनाइऽऽल’ ओरडत येणाऱ्याकडून बाटली घेतली आणि बाथरूममध्ये ओतली. टाइल्स चकाचक! उत्साहात माझ्या एका रूममेटने उरलेलं पॅसेजच्या शहाबादी फरशीवरही ओतलं. फेस आला. आम्हाला वाटलं, मळ निघतोय. मळ कसला, फरशीच विरघळत होती. शहाबादी आणि कोटा हे चुनखडीचे दगड आहेत, संगमरवरही त्याच घराण्यातला. अॅसिड, व्हिनेगर, लिंबू, काहीही आंबट त्यांच्यावर पडलं की पॉलिश जातं आणि पांढुरका डाग कायमचा राहतो. या फरश्यांना साधा साबण आणि पाणी पुरे. नळावर आणि गुळगुळीत टाइल्सवर बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार बसतात त्यासाठी व्हिनेगर चालतं. फडकं भिजवून नळाला गुंडाळायचं, दहा-पंधरा मिनिटांनी धुऊन टाकायचं.

यापेक्षा गंभीर गोष्ट म्हणजे ‘अजून स्वच्छ होईल’ म्हणून दोन क्लीनर एकत्र करणं. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुतेक वेळा अॅसिड असतं. ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर त्यात मिसळली की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली खंदकांतल्या सैनिकांवर सोडला होता, तोच हा. आणि आपण तो दार लावलेल्या चार बाय सहाच्या बाथरूममध्ये तयार करतो. डोळे झोंबले, खोकला आला की सगळं तिथेच टाकून आधी बाहेर पडा. एका वेळी एकच क्लीनर, दार उघडं, आणि दुसरा वापरायचाच असेल तर मध्ये भरपूर पाणी.

बाथरूममधला गॅस

हे लिहिताना अजूनही अंगावर काटा येतो. त्याच घरात डिसेंबरमध्ये एका रूममेटची आंघोळ पंचवीस मिनिटं संपेना. आम्ही बाहेरून चिडवत होतो. ती बाहेर आली ती भिंतीला धरून, चेहरा उतरलेला, डोकं गरगरतंय म्हणाली. आम्हाला वाटलं उपाशीपोटी आंघोळ केली म्हणून. बाल्कनीत बसल्यावर तिला बरं वाटलं आणि आम्ही विसरलोही. फेब्रुवारीत नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबर काकांनी बाथरूमच्या आतच लावलेला गॅस गिझर बघितला, वरच्या झरोक्यात थंडीसाठी कोंबलेलं आमचं पोतं बघितलं आणि मला म्हणाले, ‘‘ताई, हे आधी काढा. नळाचं नंतर बघू.’’

गॅस गिझर जळताना हवेतला ऑक्सिजन खातो आणि हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते आणि माणूस कडी लावलेल्या दाराआड बेशुद्ध पडतो. तुमच्या फ्लॅटमध्ये गॅस गिझर आत असेल तर घरमालकांना तो बाहेर काढायला सांगा, मागे लागा, गरज पडली तर पालकांना फोन करायला लावा. तोपर्यंत बादली भरून घ्या, गिझर बंद करा, मगच आंघोळ करा. झरोका कधीही बुजवू नका. कोणाला गरगरलं तर मोकळ्या हवेत न्या, आणि शुद्ध हरपत असेल तर १०८ ला फोन करा. ‘बघू थोड्या वेळाने’ म्हणू नका. आम्ही म्हणालो होतो.

स्वयंपाकघरातल्या गॅसच्या नळीवर तारीख छापलेली असते. केशरी सुरक्षा नळीचं आयुष्य साधारण पाच वर्षं. आत्ता उठून तुमची बघून या. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, आणि लाइटच्या कुठल्याही बटणाला हात नाही, चालू असलेलं बंदही करायचं नाही. बाहेर जाऊन १९०६ ला फोन करा.

विजेचं थोडक्यात सांगते, कारण त्यात आपण स्वतः करण्यासारखं फारसं नाहीच. साधा एक्स्टेन्शन बोर्ड सहा अँपिअरचा असतो, म्हणजे जेमतेम १४०० वॉट. मॅगीची किटली एकटीच १५०० ची असते आणि इंडक्शन २००० पर्यंत जातं. म्हणून तो बोर्ड गरम होतो. ही दोन्ही उपकरणं भिंतीतल्या मोठ्या, १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावा.

वायसर बदलणारी मुलगी

मी लातूरची. २०१६ मध्ये मिरजेहून आमच्याकडे रेल्वेने पाणी आलं तेव्हा मी शाळेत होते. त्यामुळे गळका नळ मला बघवत नाही. सेकंदाला एक थेंब पडला तरी दिवसाअखेर बादली भरते. त्याच प्लंबर काकांकडून मी वायसर बदलायला शिकले. आधी बाथरूमचा मेन कॉक बंद करायचा (हे विसरलात तर काय होतं ते मी कपड्यांसह अनुभवलंय), पान्याने नळाचं डोकं उघडायचं, झिजलेला रबरी वायसर काढून त्याच मापाचा नवा बसवायचा. जुना खिशात घालून दुकानात न्या, ‘‘असाच द्या’’ म्हणायचं, माप विचारायची गरज नाही. नळ अर्ध्या वळणात बंद होणारा नवीन प्रकारचा असेल तर आतला स्पिंडलच बदलावा लागतो. जोडातून पाणी येत असेल तर टेफलॉन टेप आट्यांवर, नळ ज्या दिशेने आवळतो त्याच दिशेने गुंडाळा, उलटा गुंडाळला की तो आवळताना गोळा होऊन बाहेर येतो.

पाना, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, टेस्टर, टेफलॉन टेप आणि सिंक तुंबल्यावर लागणारा रबरी पंप, एवढं रविवार पेठेतल्या बोहरी आळीत एका फेरीत मिळतं. चौघींत वाटून एका सिनेमाच्या तिकिटाएवढा खर्च आला.

आणि सजावट? करा की! घर हॉस्टेलसारखं दिसायलाच हवं असं थोडंच आहे. फक्त भिंतीला डबल टेप लावू नका, पोस्टर काढताना रंगाचा पापुद्राही सोबत येतो. आधीच्या दोन खिळ्यांमध्ये सुतळी बांधा आणि फोटो चिमट्यांनी लटकवा. आईची जुनी साडी पडदा म्हणून कुठल्याही ऑनलाइन पडद्यापेक्षा भारी दिसते. बाटलीतल्या मनी प्लांटचं पाणी मात्र दर आठवड्याला बदला, डेंग्यूच्या डासाला असंच स्वच्छ, साठलेलं पाणी आवडतं. मोह आवरला नाही आणि खिळा ठोकलाच, तर सोडताना भोकात थोडं व्हाइट सिमेंट भरून सँडपेपरने घासून घ्या. आठ भोकांना अर्धा तास लागतो. आम्ही तो अर्धा तास वाचवला होता.

सध्याच्या फ्लॅटचा करार मार्चमध्ये संपतोय. फोनमधल्या फोल्डरमध्ये सदतीस फोटो आणि एक व्हिडिओ आहे. गिझर विजेचा आहे. खिळे तीन, आणि तिन्ही आधीपासूनचे.