एका वावराचे तीन भाव

आपल्या प्रभागातला एक गट गेली चार वर्षं दोन एकर वावर ठोक्याने करतो. ठोका म्हणजे वर्षाची ठरलेली रोख रक्कम. कुणी त्याला मक्ता म्हणतं, कुणी खंड. खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा. यंदा पाडव्याला मालक म्हणाले, "बाई, गावाजवळून रस्ता चाललाय. माझं वावर आता एकरी पंधरा लाखाचं झालं. ठोका दुप्पट करा."

गटातल्या बाया गोंधळल्या. वावर महाग झालं हे तर खरंच. मग ठोका वाढवून द्यायचा का? मासिक बैठकीत यावर तासभर बोलणं झालं आणि शेवटी अध्यक्षताईंनी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. तोच हिशेब इथे देते.

एका एकरात सोयाबीन आठ क्विंटल झालं आणि साडेचार हजाराने गेलं, तर हाती येतात ३६ हजार. बी-खत, फवारणी, कापणी, मळणी, भाडं यात २२ हजार गेले तर उरले १४ हजार. हरभऱ्याचे खर्च जाऊन ११ हजार धरा. झाले वर्षाचे २५ हजार, तेही पाऊस वेळेवर आला तर, आणि घरच्या बाईची मजुरी न धरता. (ती कुणीच धरत नाही, पण तो विषय पुन्हा कधीतरी.) आता पंधरा लाख रुपये बँकेत सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला १ लाख ५ हजार व्याज येतं. वावर मात्र त्याच पंधरा लाखांवर देतं २५ हजार. उलटं मोजलं, तर वर्षाला २५ हजार देणाऱ्या वस्तूची किंमत साडेतीन लाखाच्या आसपास भरते.

मग वरचे साडेअकरा लाख कशाचे? ते पिकाचे नाहीत, रस्त्याच्या आशेचे आहेत. ती आशा मालकाची, पीक आपलं. म्हणून ठोका ठरवताना पिकाचाच हिशेब धरायचा, असं गटाने मालकांना सांगितलं. थोडी वाढ देऊन मिटलं.

या चर्चेतून एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. एकाच वावराला तीन भाव असतात. पहिला पिकाचा, जो आत्ता बघितला. दुसरा बोलीचा, म्हणजे पारावर, चहाच्या टपरीवर, दलालाच्या तोंडी असतो तो. तिसरा कागदाचा.

बोलीचा भाव कशाने वर-खाली होतो? जुनी कारणं आपल्याला पाठ आहेत: जमीन काळी भारी की मुरमाड, विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहतं का, विजेची डीपी जवळ आहे का. वावरात जायला वाट आहे का, हे तर फार मोठं कारण. वाट नसलेलं वावर शेजाऱ्याशिवाय कुणी घेत नाही आणि शेजारी ते पडत्या भावात मागतो. वाट नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागण्याचा अर्ज तहसीलदारांकडे करता येतो. विकायची घाई करण्याआधी हा अर्ज करावा. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' लिहिलेलं असेल तर विक्रीला सरकारची परवानगी लागते, बहुतेक वेळा नजराणाही भरावा लागतो. त्यामुळे अशी जमीन स्वस्त मागितली जाते.

पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत भाव चढले ते मुख्यतः शेतीबाहेरच्या कारणांनी. शहर वाढत गावापर्यंत आलं, एमआयडीसी आली, मोठे रस्ते आले. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आणि दहा जिल्ह्यांतून जाणारा. त्याच्या थेट खरेदीत रेडीरेकनरच्या पाचपटीपर्यंत मोबदला दिला गेला. ज्यांना पैसे मिळाले त्यातल्या बऱ्याच जणांनी दुसरीकडे जमीन घेतली, कारण पैसा हातात टिकत नाही, वावर टिकतं. शिवाय सातबाऱ्यावरून नाव गेलं तर शेतकरी असल्याचा पुरावा जातो, आणि आपल्या राज्यात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. म्हणून रस्त्यापासून पंचवीस-तीस किलोमीटर आत, जिथे रस्त्याचा काही संबंध नाही, तिथेही भाव चढले.

जमीन तर वाढत नाही, उलट वाटण्या होतात. १९७०-७१ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती, २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टर उरली. विकायला निघणारे तुकडे लहान, घेणारे जास्त. आता सौर प्रकल्पांचीही भर पडली. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत वीज उपकेंद्राजवळची जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, म्हणजे एकरी ५० हजार ठरवले आहेत. वरच्या सोयाबीनच्या हिशेबाशेजारी हा आकडा ठेवून बघा.

भाव पाडणारं सगळ्यात मोठं कारण मात्र जमिनीत नसतं, विकणाऱ्याच्या घरात असतं. दवाखाना, लग्न, दुष्काळाचं वर्ष. गरज चार दिवसांवर आली की पंधरा लाखाचं वावर नऊ लाखाला जातं. काही सावकार कर्जापोटी सरळ खरेदीखतच करून घेतात. "पैसे फेडले की परत करून देतो" हे बोलणं कागदावर कुठेच नसतं. असं झालं असेल तर सावकारी नियमन कायद्याखाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे जमीन परत मिळवण्यासाठी अर्ज करता येतो. गटाचं दहा-वीस हजारांचं कर्ज वेळेवर मिळालं तर ही वेळ पुष्कळदा टळते, हे आपण आपल्या वह्यांत बघतोच.

आता कागदाचा भाव. दरवर्षी नोंदणी व मुद्रांक विभाग बाजारमूल्य दर तक्ते काढतो, त्यालाच आपण रेडीरेकनर म्हणतो. मुद्रांक शुल्क कमीत कमी या दरावर तरी भरावंच लागतं. म्हणून काय होतं, की पंधरा लाखाचा व्यवहार कागदावर आठ लाखाचा दाखवतात आणि वरचे सात लाख पिशवीतून देतात. जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, तरी हे चालतं. दोघांनाही वाटतं, शुल्क वाचलं.

खरा फटका पुढे बसतो. सरकार जमीन घेतं तेव्हा पारावरची बोली विचारत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात रेडीरेकनर बघतात आणि आसपासची मागच्या तीन वर्षांची खरेदीखतं बघतात. त्या खतांतली जास्त किमतीची निम्मी घेऊन सरासरी काढतात. यातला जो आकडा जास्त असेल तो धरतात. ग्रामीण भागात त्याला २ पर्यंत गुणक लावता येतो (तो सरकार ठरवतं) आणि जी रक्कम येते तेवढाच दिलासा वर मिळतो. गुणक २ धरला, तर आठ लाखाचे एकरी ३२ लाख होतात. खतांत खरे पंधरा लाख लिहिलेले असते तर ६० झाले असते. गावाने मिळून वाचवलेलं शुल्क असं एकरी २८ लाखाला पडतं, आणि ज्याने कधीच जमीन विकली नाही त्यालाही ते भोगावं लागतं.

यात बाईचं काय, असं बैठकीत एकीने विचारलं. तिचीच गोष्ट घ्या. वडिलांनी स्वतः विकत घेतलेली चार एकर होती. मृत्युपत्र न करता वडील वारले. आई, दोन भाऊ आणि ती, असे चार वारस. हिंदू वारसा कायद्याने प्रत्येकाला एक एकर. भावाने तालुक्याला नेलं, हॉटेलात जेवू घातलं, साडी घेतली आणि हक्कसोडपत्रावर सही झाली. पुढे दीड वर्षात रस्त्याची मोजणी आली. तिला वाटत होतं, वाट्याला आलं असतं तर आलं असतं लाखभर. ती पिकाच्या भावाने विचार करत होती, तिला बोलीचा भाव कुणी सांगितला नव्हता. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र नंतर रद्द करायचं तर दिवाणी न्यायालयात जावं लागतं. फसवणूक किंवा जबरदस्ती झाली हे सिद्ध करावं लागतं.

वडिलोपार्जित जमिनीतही मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. हा बदल ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाला. त्या दिवशी वडील हयात नसले तरी हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटणी किंवा विक्री झालेली असेल तर ती उकरता येत नाही. मुस्लिम बहिणींचे वाटे वेगळ्या पद्धतीने मोजतात, त्यांनी माहीतगार वकिलाला विचारावं.

माहेर तुटेल ही भीती खोटी नाही. भाऊ अडचणीत आहे म्हणून समजून-उमजून हक्क सोडणाऱ्याही बहिणी आहेत, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. माझं म्हणणं एवढंच, की सही करायची त्या दिवशी तिन्ही भाव माहीत असावेत. आणि सहीचा दिवस आपण ठरवावा, भावाने किंवा दलालाने नाही.

कागदाचा भाव बघायला पैसे लागत नाहीत. मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर 'ई-एएसआर' मध्ये जिल्हा, तालुका, गाव निवडलं की दर दिसतात. जिरायत जमिनीचे दर आकारणीवर असतात, म्हणून सातबाऱ्यावरचा 'आकार' भागिले हेक्टर हा आकडा आधी काढून ठेवा. शेजारच्या वावराची खरेदी कितीची लागली ते सूची क्रमांक २ मध्ये कळतं. लग्न होऊन लांब गेलेल्या मुलींनी 'आपली चावडी' बघत राहावी. माहेरच्या गावात कुठला फेरफार टाकलाय ते तिथे दिसतं, आणि हरकत घ्यायला नोटिशीपासून १५ दिवस असतात.

पुढच्या ग्रामसंघ बैठकीला येताना सातबारा आणि आठ-अ घेऊन या, सासरचा आणि माहेरचा दोन्ही. ज्यांच्याकडे मोठा मोबाइल आहे त्यांनी तो चार्ज करून आणावा. आपण तिथेच बसून प्रत्येकीच्या गावाचे दर काढू.