निवृत्त डब्याला घरपण येते कसे?

मुंबई, प्रतिनिधी

वडाळ्यात सातशे चौरस फुटांच्या घराचा विषय निघाला, की सामान्य मुंबईकर किंमत विचारण्याचेही टाळतो. रेल्वेच्या जुन्या, आयसीएफ बनावटीच्या प्रवासी डब्याचे क्षेत्रफळ साधारण तेवढेच भरते. लांबी सुमारे २१.३ मीटर, रुंदी ३.२५ मीटर. मात्र पंचवीस वर्षे धावून झाली की या डब्याचे ठरलेले आयुष्य संपते. काही डबे मोटारी वाहून नेण्यासाठी बदलून घेतले जातात. उरलेल्यांच्या वाट्याला भंगाराचा लिलाव येतो.

अशा निवृत्त डब्यांत पर्यटकांना राहण्याची सोय का करू नये, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. डब्यातील उपाहारगृह मुंबईला नवे नाही. २०२० मध्ये पूर्व रेल्वेने आसनसोल येथे ही कल्पना राबवली आणि २०२१ मध्ये मध्य रेल्वेच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या आवारात 'रेस्टॉरंट ऑन व्हील्स' सुरू झाले. परंतु डब्यात तासभर बसून जेवणे वेगळे आणि रात्रभर कुटुंबासह मुक्काम करणे वेगळे.

ब्रिटनमधील सहलीचे डबे

मुक्कामाच्या डब्यांची कल्पना नव्वद वर्षांपेक्षा जुनी आहे. ब्रिटनमध्ये लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने १९३३ मध्ये बाद झालेले डबे निसर्गरम्य ठिकाणच्या लहान स्थानकांवर उभे केले आणि ते कुटुंबांना आठवड्याच्या बोलीवर भाड्याने दिले. डब्यात झोपण्याची जागा आणि स्वयंपाकाची सोय असे. भाडेकरूंनी रेल्वेची ठरावीक तिकिटे काढावीत अशी अटही होती. म्हणजे मोडीत निघालेला डबा पुन्हा प्रवासी मिळवून देत होता. इतर कंपन्यांनीही हा मार्ग धरला. युद्धकाळात खंडित झालेला हा उपक्रम पुढे ब्रिटिश रेल्वेने चालवला आणि सर्वसामान्यांसाठी तो १९७१ पर्यंत सुरू होता.

अलीकडचे ठळक उदाहरण दक्षिण आफ्रिकेतील आहे. क्रुगर राष्ट्रीय उद्यानात, साबी नदीवरील जुन्या रेल्वेपुलावर कायमची उभी केलेली हॉटेलगाडी २०२० च्या अखेरीस सुरू झाली. तिच्या जुन्या डब्यांत २४ खोल्या आहेत.

घर करताना काय काय?

उभ्या डब्याचे घर करणे म्हणजे रंगरंगोटी आणि पडदे नव्हे. पहिली तपासणी डब्याच्या पोटाखाली करावी लागते. आयसीएफ डब्याचा सांगाडा पोलादी असतो आणि तो सर्वाधिक गंजतो तो शौचालयांखाली व दारांजवळ, जिथे वर्षानुवर्षे पाणी मुरलेले असते. मुंबईच्या खाऱ्या हवेत हे काम अधिकच काळजीचे. गंजलेला पत्रा कापून नवा जोडल्याशिवाय वरची सजावट टिकत नाही.

दुसरा प्रश्न विजेचा. जुन्या बिगरवातानुकूलित डब्यातील दिवे व पंखे ११० व्होल्टवर चालतात. चाकाच्या आसाला पट्ट्याने जोडलेला अल्टरनेटर ही वीज तयार करतो आणि बॅटऱ्या भरतो. डबा थांबला की ही निर्मितीही थांबते. त्यामुळे उभ्या डब्यात २३० व्होल्टसाठी सगळी तारजोडणी नव्याने करावी लागते.

तिसरा प्रश्न सांडपाण्याचा. जुन्या पद्धतीचे शौचालय थेट रुळांवर रिकामे होई. मुक्कामाच्या डब्याला मलवाहिनीची किंवा सेप्टिक टाकीची जोड अनिवार्य ठरते. शिवाय डब्याची जमीन रुळांपासून मीटरभराहून अधिक उंच असते. तेव्हा फलाट नसेल तर पायऱ्या, कठडा आणि ज्येष्ठांसाठी उतार बांधणे आले. जुन्या काही डब्यांत उष्णतारोधक म्हणून अ‍ॅस्बेस्टॉस वापरलेले असते. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असल्याने ते काढण्याचे काम प्रशिक्षित माणसांनीच करावे लागते.

या खर्चाचा हिशेब खोल्यांच्या संख्येवर बसतो. स्लीपर डब्यात ७२ जण झोपतात. पण प्रत्येक खोलीला स्वतंत्र स्नानगृह द्यायचे म्हटले की संख्या झपाट्याने घटते. २००४ मध्ये सुरू झालेल्या 'डेक्कन ओडिसी' या आलिशान पर्यटन गाडीच्या डिलक्स डब्यात खोल्या अवघ्या चार असतात. चार खोल्यांच्या भाड्यातून दुरुस्ती, जागा, नोकरवर्ग आणि देखभाल भागवायची, हे गणित सोपे नाही.

करोनाकाळाचा धडा

उभ्या डब्यात माणसे ठेवण्याचा मोठा प्रयोग देशाने केलेला आहे, तोही नाइलाजाने. २०२० मध्ये रेल्वेने पाच हजारांहून अधिक डबे करोना विलगीकरणासाठी बदलले. मधले बर्थ काढले आणि शौचालयाचे स्नानगृह केले. मध्य रेल्वेच्या माटुंगा व परळ कार्यशाळांनीही हे काम केले. एप्रिल २०२१ मध्ये नंदुरबार येथे हे डबे प्रत्यक्ष उपयोगात आले. तेव्हा उन्हाच्या त्रासावर उपाय म्हणून त्यांना कूलर लावावे लागले. धावत्या गाडीत खिडकीतून येणारा वारा उभ्या डब्यात नसतो आणि पत्र्याचे छप्पर दिवसभर तापते. सावली, छताखालचे उष्णतारोधक आवरण आणि वातानुकूलन या बाबी महाराष्ट्रात चैनीच्या नव्हेत, हे तेव्हा दिसून आले.

जतन की पुनर्वापर?

या कामाचे कसब वडाळ्याच्या शेजारीच आहे. माटुंगा कार्यशाळा १९१५ पासून डब्यांची दुरुस्ती करत आली आहे. १९३० मध्ये सुरू झालेल्या दख्खनच्या राणीच्या पहिल्या डब्यांचे सांगाडे इंग्लंडहून आले, पण त्यांवरील डबे बांधले गेले ते माटुंग्यातच. खुद्द वडाळ्याचाही रेल्वेच्या इतिहासात वाटा आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातील पहिली विजेची गाडी बोरीबंदरहून कुर्ल्याला गेली, ती हार्बर मार्गाने, वडाळ्यावरूनच. त्या दिवसापासून या मार्गावर चालत आलेली डीसी वीजप्रणाली एप्रिल २०१६ मध्ये इतिहासजमा झाली.

म्हणूनच जतन आणि पुनर्वापर यांत फरक करणे आवश्यक ठरते. साध्या स्लीपर डब्याच्या आतील भिंती पाडून खोल्या केल्या तर फारसे बिघडत नाही. असे डबे हजारोंनी बांधले गेले आहेत. परंतु एखाद्या बनावटीचे मोजकेच डबे उरले असतील, तर त्यांची आसने, खिडक्यांच्या झडपा, कड्या, मूळ रंगसंगती आणि क्रमांक यांना हात लावण्यापूर्वी नोंद व्हायला हवी. हॉटेलच्या सोयीसाठी हे सारे उपटून टाकले तर उरतो तो डब्याच्या आकाराचा पत्र्याचा खोका.

हा निर्णय लांबवता येण्याजोगा नाही. आयसीएफ बनावटीच्या डब्यांचे उत्पादन २०१८ मध्ये थांबले आणि त्यांची जागा एलएचबी डबे घेत आहेत. दख्खनच्या राणीनेही जून २०२२ मध्ये जुने डबे सोडून एलएचबी डबे स्वीकारले. पंचवीस वर्षांचा हिशेब धरला तर २०४३ च्या सुमारास आयसीएफचा शेवटचा डबाही वयोमर्यादेला पोहोचेल. मुक्कामासाठी कोणते डबे द्यायचे, कोणते जसेच्या तसे राखायचे आणि कोणते वितळवायचे, याची यादी लिलावापूर्वीच तयार व्हावी लागेल. गॅस कटर चालल्यानंतर त्या यादीचा उपयोग नाही.