साठी उलटलेली एमजी आणि रोजचा रस्ता

एमजी म्हटलं की आज पुण्या-मुंबईत डोळ्यांसमोर हेक्टर येते. उंच, जाडजूड, गल्लीत उभी राहिली की अर्धा रस्ता अडवणारी. इंग्लंडमधल्या एखाद्या उतारवयाच्या गृहस्थाला विचाराल, तर तो हातानं कमरेएवढी उंची दाखवेल. त्याच्या मनातली एमजी म्हणजे एमजीबी. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ ते १९८० या अठरा वर्षांत या स्पोर्ट्‌स कारच्या पाच लाखांवर गाड्या बाहेर पडल्या आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जहाजात चढून अमेरिकेला गेल्या. जुनी स्पोर्ट्‌स कार घ्यायची आणि तीही रविवारपुरती नाही, रोज कामावर न्यायला, असं मनात आलेला ब्रिटिश माणूस कधी ना कधी या गाडीपाशी येऊन थांबतोच.

मग सल्ले सुरू होतात. इंजिन दगा देईल, वायरिंग जळेल, सुटे भाग मिळणार नाहीत. माझ्या मते ही सगळी भीती चुकीच्या दाराशी उभी आहे. भ्यायला हवं ते पत्र्याला आणि धडकेला, आणि गाडी बघायला गेलेला माणूस नेमकं तेच बघत नाही.

“रोज पळवली तर झिजून संपेल.”

हा समज मुंबईकरानं तरी बाळगू नये. काळ्या-पिवळ्या पद्मिनीचं मूळ म्हणजे साठच्या दशकातली फियाट ११०० डी, एमजीबीच्याच पिढीची गाडी. तोच कार्बोरेटर, तोच चोक, तेच कॉन्टॅक्ट पॉइंट, मागं तसेच पाटे. ही टॅक्सी ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुंबईत धावत होती, आणि थांबली ती झिजून नव्हे. शेवटच्या गाडीची वीस वर्षांची मुदत भरली म्हणून. रोज चालत होती, म्हणून रोज कुणाचा तरी हात तिच्यावरून फिरत होता.

उभ्या गाडीचे हाल त्याहून वाईट. ब्रेकचे सिलिंडर जाम होतात, ऑइल सील सुकतात, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं, सायलेन्सरमध्ये साठलेलं पाणी पत्रा आतून खातं. वर्षातून चार वेळा बाहेर काढलेली ‘जपलेली’ गाडी पहिल्याच महिन्यात रोजच्या वापराला लावली, तर ती एकामागून एक दुखणी काढते. दोष वापराचा नसतो, आधीच्या विश्रांतीचा असतो.

मात्र रोजचा वापर म्हणजे रोज दोन मैल नव्हे. एवढ्याशा अंतरात इंजिन नीट तापत नाही आणि न जळलेलं पेट्रोल व पाणी ऑइलमध्ये उतरत राहतं. अशा वापराला दर ३००० मैलांना, म्हणजे सुमारे ५००० किलोमीटरला, ऑइल बदललेलं बरं. त्याच वेळी ग्रीसिंगही उरकायचं. पुढच्या चाकांच्या किंगपिनना प्रत्येक बाजूला तीन ग्रीस निपल असतात. आजच्या गाड्यांना हा प्रकारच नसल्यानं तरुण मेकॅनिकच्या ते ध्यानीमनीही नसतं. एमजीबीवाल्याच्या घरी ग्रीसगन ही झाडूइतकी साधी वस्तू असावी लागते.

“ब्रिटिश गाडी, ल्युकसचं वायरिंग, मग अंधारच.”

ल्युकस ही त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांना विजेचं सामान पुरवणारी कंपनी. तिच्या संस्थापकाला ‘अंधाराचा राजकुमार’ म्हणायचा विनोद इतका जुना आहे की गाडी कधी न पाहिलेलेही तो सांगतात. वस्तुस्थिती अगदीच नीरस आहे. एमजीबीत विजेची उपकरणंच हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी; सुरुवातीच्या गाड्यांत तर फ्यूज दोनच. संपूर्ण वायरिंगचा नकाशा एका पानावर मावतो. दिवा मंद पेटला किंवा इंडिकेटर लहरी झाला, तर बहुधा अर्थिंगच्या जागी गंज चढलेला असतो किंवा वायरींचा जोड सैल झालेला असतो. सँडपेपरचा तुकडा आणि अर्धा तास पुरतो. मागच्या बाजूला टाकीजवळ बसवलेला इलेक्ट्रिक पेट्रोल पंप चावी फिरवल्यावर टिकटिकतो. त्याचे पॉइंट चिकटले की टिकटिक बंद आणि गाडीही बंद. जुने मालक शांतपणे मागं जाऊन त्याला एक टोला देतात आणि पुढच्या प्रवासाला लागतात. हा इलाज कायमचा नव्हे, हे त्यांनाही माहीत असतं.

खरी मेख दुसरीकडे आहे. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत डायनामो होता आणि अर्थिंगही उलटं, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं. आजचा रेडिओ किंवा फोन चार्जर अशा गाडीत न विचारता जोडला तर तो जळू शकतो. शिवाय इंजिन संथ चालू असताना डायनामो जेमतेम वीज देतो. नोव्हेंबरातली लंडनची संध्याकाळ डोळ्यांपुढे आणा. पाऊस, हेडलाइट, वायपर, हीटरचा पंखा, सगळं चालू, आणि गाडी मुंगीच्या पावलानं सरकते आहे. बॅटरी घरी पोचेपर्यंत टिकेलच असं नाही. १९६७ च्या अखेरीस अल्टरनेटर आला आणि अर्थिंगही आजच्यासारखं झालं. रोजची गाडी हवी तर त्यानंतरचीच घ्यावी.

“पार्ट मिळणार नाहीत.”

हे तर उघडउघड उलटं आहे. अख्खी गाडीच नव्यानं मिळते असं म्हटलं तरी चालेल. १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज एमजीबीचे पूर्ण बॉडीशेल बनवते आहे, आणि तेही बऱ्याच अंशी मूळ डाय वापरून. रोव्हरनं १९९२ नंतर त्याच ढाच्यावर एमजी आरव्ही८ नावाची सुमारे दोन हजार गाड्यांची मालिकाही काढली, त्यातल्या बहुतेक जपानला गेल्या. नव्वदच्या दशकातल्या एखाद्या दुर्मीळ गाडीचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट गेला तर मालक महिनोन्‌महिने शोधत बसतो. एमजीबीचा जवळजवळ प्रत्येक नटबोल्ट टपालानं दोन दिवसांत घरी येतो.

अडचण मिळण्याची नाही, दर्जाची आहे. नव्यानं बनणारे काही भाग, विशेषतः डिस्ट्रिब्यूटरमधला रोटर आर्म आणि कंडेन्सर, मूळ भागांइतके टिकत नाहीत. त्यामुळे चालू असलेला जुना भाग ‘आता नवा टाकू’ म्हणून फेकून देणं हा शहाणपणा नव्हे. तो कापडात गुंडाळून डिकीत ठेवावा.

“इंजिन चांगलं आहे ना, मग गाडी चांगली.”

सगळ्यात महागात पडणारा समज हा. १७९८ सीसीचं हे इंजिन रांगडं आहे. बिघडलं तरी कुणीही उघडून बांधू शकतं. पण एमजीबीला वेगळी चासी नाही. तिच्या आधीच्या एमजीएला होती. इथं पत्र्याचा सांगाडा हीच चासी, आणि उघड्या टपाच्या गाडीत छतच नसल्यानं सगळा भार दाराखालून जाणाऱ्या दोन लांब पोकळ पेट्यांवर येतो. इंग्रजीत त्यांना ‘सिल’ म्हणतात, म्हणजे उंबरठाच. घराच्या उंबरठ्याला भेग गेली तर घर पडत नाही. या उंबरठ्याला गंज लागला तर गाडी मधोमध खचते.

गंज येतो कुठून? ब्रिटनमध्ये हिवाळ्यात बर्फ धरू नये म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. चाकांनी उडवलेला तो खारा चिखल पुढच्या मडगार्डमागच्या खाचेत बसतो, तिथून पेटीच्या आत झिरपतो आणि पत्रा आतून पोखरतो. बाहेरचा रंग मात्र चकचकीत असतो. त्यात विकणाऱ्याची हातचलाखी. आतली कुजलेली पेटी कापून काढायला वेळ आणि पैसा लागतो, म्हणून तिच्यावरूनच नवा पत्रा वेल्ड करून वर रंग मारलेल्या गाड्या बाजारात पुष्कळ आहेत. कुठं आपल्याकडचे डेंटिंगवाले जिला ‘लांबी’ म्हणतात ती थापलेली असते. तिथं चुंबक चिकटत नाही.

म्हणून गाडी बघायला जाताना कान इंजिनाकडे आणि डोळे दारांकडे ठेवावेत. दाराची फट वर आणि खाली सारखी आहे का? मालकाच्या परवानगीनं एका बाजूला जॅक लावावा आणि दार उघडून बघावं. ते अडकलं किंवा फट मिटली, तर पेट्या भार पेलत नाहीत. मालक परवानगी देत नसेल, तर उत्तर मिळालंच. नवी पेटी बसवतानाही दाराच्या चौकटीत लोखंडी आडवे टेकू द्यावे लागतात. न देता जुनी कापली तर गाडी वाकते आणि पुन्हा दार कधीच नीट लागत नाही. इंजिन बांधण्याचा खर्च या कामापुढे किरकोळ वाटावा, असं हे काम आहे.

ज्याला हिवाळ्यातही ती रोज न्यायची आहे त्यानं पेट्यांच्या आत मेण फवारून घ्यावं आणि दर आठवड्याला खालून पाण्यानं मीठ धुवावं. हे जमणार नसेल, तर डिसेंबर ते मार्च बसनं जावं. हे मी गमतीनं म्हणत नाही.

“आजचं पेट्रोल चालतच नाही.”

चालतं, दोन गोष्टी बघून. जुन्या पेट्रोलमधलं शिसं एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीला आपटण्यापासून वाचवत होतं. ब्रिटनमध्ये २००० च्या सुरुवातीपासून शिसं घातलेलं पेट्रोल सर्वसाधारण विक्रीतून गेलं. हेड एकदा उघडून कठीण पोलादाच्या बैठका बसवल्या की हा विषय संपतो, आणि बऱ्याच गाड्यांत हे काम आधीच झालेलं असतं. दुसरं, इथेनॉल. सप्टेंबर २०२१ पासून तिथलं साधं पेट्रोल ई१० झालं. इथेनॉल पाणी ओढतं आणि जुन्या रबरी नळ्या मऊ करतं. साखर कारखान्यांच्या मुलखात राहून ई२० पर्यंत पोचलेल्या आपल्या वाचकाला हे नवं नाही. उपाय साधा: नळ्या बदलायच्या, आणि जमेल तेव्हा कमी इथेनॉलचं महागडं पेट्रोल भरायचं.

बाकीचे समज दोन-दोन ओळींत निपटतात. ‘स्पोर्ट्‌स कार म्हणजे वेगवान’: साधारण ९५ अश्वशक्तीची एमजीबी ताशी ६० मैलांना पोचायला बारा सेकंदांच्या आसपास घेते, आजची साधी हॅचबॅक तिच्या बरोबरीनं निघते. हायवेला मात्र ओव्हरड्राइव्ह हवाच. त्याच्याशिवाय ताशी ७० मैलांना इंजिन मिनिटाला ३९०० फेऱ्यांच्या आसपास फिरतं, त्यानं ते ३२०० वर येतं, आणि कान वाचतात. ‘१९७४ नंतरची रबरी बंपरवाली गाडी म्हणजे बिघडवलेली’: दिसायला खरंच तितकी देखणी नाही आणि उंचीही वाढवलेली, पण म्हणूनच स्वस्त. माझी निवड विचाराल तर १९७७ नंतरची जीटी, म्हणजे पिनिनफारिनानं रेखलेलं पक्कं छत आणि मागचं दार असलेली. पाऊस आत येत नाही आणि आठवड्याची भाजी मावते. ‘चाळीस वर्षांवरच्या गाडीला एमओटी नाही, म्हणजे तपासणीची गरजच नाही’: मे २०१८ पासून वार्षिक तपासणीची सक्ती गेली आहे, गाडी रस्त्यावर आणण्याजोगी ठेवण्याची मालकाची जबाबदारी गेलेली नाही. विम्याचे कागदही नीट वाचावेत. क्लासिक गाड्यांच्या अनेक स्वस्त पॉलिसींत मैलांची मर्यादा असते आणि कामावर जाण्या-येण्याचा वापर धरलेला नसतो.

राहिली धडक. हिला उपाय नाही. एअरबॅग नाही, एबीएस नाही, बाजूनं आदळणाऱ्याला अडवायला पातळ दार. ही गाडी बनली तेव्हा शेजारची गाडीही तिच्याएवढीच होती; आज चालकाच्या खांद्याशी एसयूव्हीचं बंपर येतं. चांगले टायर, तीन बिंदूंचे पट्टे, नीट जुळवलेले ब्रेक एवढंच हातात आहे. लहान मुलाला रोज शाळेत सोडायचं असेल, तर मी ही गाडी घेऊ नका म्हणेन, आणि तिथं वाद घालणार नाही.

आणि हे वाचून कुणी पुण्यात अशी गाडी शोधायला निघणार असेल, तर एक लक्षात ठेवावं. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरची गाडी ‘व्हीए’ मालिकेत विंटेज म्हणून नोंदवता येते, पण त्या नोंदणीवर ती प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेता येते. रोज ऑफिसला नेता येत नाही.